स्वतःला वाढून घेणं

आई गेली तेव्हा मी छत्तिशीत होते. नऊ वर्षं ती अंथरुणावर होती. तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि तेव्हापासून तिचा दिवस तोच माझा दिवस झाला. सकाळी तिचं तोंड धुवायचं, कोमट पाण्यात टॉवेल बुडवून अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, गुंता ओढू न देता केस सोडवून सैल वेणी घालायची, मऊ भात भरवायचा. दिवसभराची बाई आली की मी टेलिफोन एक्स्चेंजला पळायची. संध्याकाळी ती बाई गेली की पुन्हा तेच सगळं. पनवेल गावात एका दुमजली चाळीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. वडील फार आधी गेले होते. भाऊ भिलाईला नोकरीला.

माझ्या लग्नाचं कुणी विचारलंच नाही असं नाही. पण विचारायला आलेली माणसं बोलता बोलता आईच्या खाटेकडे बघायची, आणि चहा संपवून निघून जायची. त्यांचा मला कधी राग आला नाही.

तेरावा झाला. भाऊ-वहिनी निघाले. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. भाऊ खिडकीत बसला होता. गाडी सुटता सुटता तो म्हणाला, "आता तू मोकळी झालीस गं. आता जरा स्वतःकडे बघ."

प्रेमानंच म्हणाला तो. मी घरी आले, दार लावलं आणि खरंच आरशासमोर उभी राहिले. बघायचं म्हणजे काय बघायचं, ते कळेना. आरशाच्या कोपऱ्यात मागची खाट दिसत होती. गादी गुंडाळून ठेवलेली. मी चादर आणली आणि ती गादी पुन्हा अंथरली.

पुढचे काही महिने कसे गेले ते मला सलग सांगता येत नाही. रोज कामावर जात होते एवढं खरं. मी ट्रंक बोर्डवर होते. कानाला हेडफोन लावून दिवसभर या गावच्या माणसाला त्या गावच्या माणसाशी जोडून द्यायचं. कुणाला मुलगी झाली, कुणाचं सोयाबीन भिजलं, कुणाचं कोण दवाखान्यात आहे, सगळं कानावरून जायचं. घरी आले की माझा आवाज बंद व्हायचा. शनिवारी दुपारी एक्स्चेंजमधून निघाल्यावर सोमवारी सकाळी "नंबर प्लीज" म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसायचा. सोमवारचा पहिला कॉल घेताना घसा खाकरावा लागायचा.

स्वयंपाक हळूहळू सुटला. आई होती तेव्हा तिच्यासाठी मऊ भात शिजायचा, त्यातलाच मीही खायची. आता एकटीसाठी कुकर लावायचा म्हणजे उगाच थाट वाटायचा. पाव आणायचा, चहात बुडवून ओट्याशी उभ्या उभ्या खायचा. कधी पातेल्यातलंच चमच्यानं खायचं, कुठलं ताट आणि कुठलं काय. केसांचा बुचडा बांधायचा, तो दोन-दोन दिवस सुटायचा नाही. आणि झोपायची मी जमिनीवर, आईच्या खाटेच्या शेजारी, पहिल्यासारखीच चटई टाकून. तिच्या कण्हण्याची चाहूल लागावी म्हणून ती जागा होती. आता कसलीच चाहूल नव्हती. तरी आतल्या खोलीतला पलंग वापरावा असं मनातही आलं नाही.

मला त्रास होतोय असं मला वाटत नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, ठीक चाललंय. विचारणारं कुणी नव्हतं, हाही भाग होताच.

मग एके सकाळी खालच्या नळावरून बादली घेऊन वर येताना जिन्यातच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बादली सुटली. घडाघडा आवाज करत खालपर्यंत गेली. शुद्धीवर आले तेव्हा पायरीवर बसलेली होते, साडी भिजलेली, आणि समोरच्या खोलीतली मावशी माझ्या तोंडाशी साखरपाण्याचा पेला धरून उभी होती.

मावशी बेने इस्राईल होती, म्हणजे कोकणातली ज्यू. तिच्या लोकांची पनवेलमध्ये एके काळी बरीच घरं होती. तिचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे, त्यांचा विश्रांतीचा वार म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आता बहुतेक जण इस्राईलला गेले होते. तिचा मुलगाही गेला होता, बायकामुलांसकट. नवरा वारला तरी मावशी इथेच राहिली होती. सत्तरीची, ठेंगणी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तिखट. तोवर आमचं बोलणं 'पाणी आलं का' आणि 'लाईट गेली का' यापुढे गेलं नव्हतं.

"काल काय जेवलीस?" तिनं विचारलं.

मला आठवेना. खोटं बोलायचं म्हटलं तरी काही सुचेना.

"बरं, परवा?"

मी भिजलेला पदर पिळायला लागले.

"अगो, ताट घेऊन शेवटचं कधी बसलीस ते तरी सांग."

तेव्हा मला रडू आलं. आई गेल्यावर मी लोकांसमोर रडले होते, ते रीतीचं रडणं होतं. हे तसं नव्हतं. भिजल्या साडीनं जिन्यात बसून मी रडत होते, आणि मावशी पेला धरून उभी होती. खालच्या मजल्यावरचा कोणी तरी वर यायला लागला तर तिनं हातानंच त्याला परत पाठवलं.

ती मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. अंगात रक्त कमी होतं. गोळ्या मिळाल्या, टॉनिक मिळालं. परत येताना ती म्हणाली, "शुक्रवारी दिवेलागणीच्या आत माझ्याकडे ये. आणि डोकं धुऊन ये, असला बुचडा घेऊन नको."

शुक्रवारी गेले. तिच्याही दोनच खोल्या, माझ्याएवढ्याच, पण मी दारातच थबकले. टेबलावर पांढरी चादर होती, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. मध्ये दिवा, एका रुमालाखाली झाकलेल्या दोन पोळ्या, काचेच्या पेल्यात काळ्या मनुकांचं सरबत. ती स्वतः न्हाऊन, फिकट निळी साडी नेसून, पातळ केसांचा घट्ट अंबाडा घालून बसली होती. मला वाटलं, मुलगा आलाय किंवा येतोय.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोण यायचंय?" ती म्हणाली. "मी आहे ना."

मग समजलं की हे ती दर शुक्रवारी करते. एकटीच. आमच्यात दहा पावलांचा पॅसेज होता, आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता. सूर्य मावळायच्या आत तिनं दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले, मला न कळणाऱ्या भाषेत काही पुटपुटली. सरबताचा पेला उचलून पुन्हा काही म्हणाली, आणि थांबून मला म्हणाली, "हे पुरुषांनी म्हणायचं असतं. पण पुरुष आता कुठून आणू?"

आम्ही जेवलो. नारळाच्या दुधातली मासळी आणि भात. सावकाश घास घेत होती, काटे काढून बशीच्या कडेला नीट मांडत होती. मी भराभर जेवून मोकळी झाले, तर तिनं माझ्या ताटाकडे बघून नुसतं विचारलं, "गाडी पकडायचीय का?"

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण एकदम नाही. सुरुवातीला मी तिच्या धाकानं करत होते. ती सकाळी दारात खुर्ची टाकून बसायची, आणि मी कामावर निघाले की वरपासून खालपर्यंत बघायची. केस विंचरलेले नसले तर "परत जा" म्हणायची. मी परत जायची. ताट घेऊन जमिनीवर बसायला लागले. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. एकटीनं स्वतःला वाढून घ्यायचं, मीठ-लिंबू वाढायचं, मग कुणाची वाट बघायची नाही आणि सुरू करायचं. दोन घासांच्या मध्ये इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. उभ्यानं खाताना ती कळत नाही. त्या शांततेमुळेच मी बसत नव्हते की काय, असं मला नंतर वाटलं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मावशीच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं, म्हणून वडाळे तळ्याला फेरी मारायला मी एकटीच जायची. सकाळी तिथं धुकं असायचं. काठावर बगळे, दोन-चार म्हातारे पुरुष, एखादी म्हैस. पूर्वेला डोंगर निळे दिसायचे. बायका चालायला येत नसत तेव्हा. कुणी ओळखीचं भेटलं तर विचारायचं, "इकडे कुठे?" नुसती चालतेय असं सांगायला मला लाज वाटायची. मी पिशवी घेऊन जायला लागले, म्हणजे बाजाराला निघाल्यासारखं वाटेल. रिकामी पिशवी हलवत मी तळ्याला फेरी घालायची. बऱ्याच महिन्यांनी एकदा पिशवी घरी विसरले आणि कुणाच्या काही लक्षातही आलं नाही, तेव्हापासून ती नेणं बंद केलं.

खाटही काढली एकदाची. मावशी म्हणाली नव्हती, मीच काढली. चटई सोडून पलंगावर झोपायला लागले. पहिल्या दिवशी कुणाच्या तरी घरी पाहुणी झोपल्यासारखं वाटत राहिलं.

एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. शुक्रवारची एक संध्याकाळ सोडली तर बाकीचे दिवस होते तसेच होते. दिवाळीत भावाचा फोन यायचा, मीच जोडायची, मीच बोलायची. पण अंगावर चढून बसल्यासारखं जे होतं, ते जरा बाजूला सरकलं होतं.

मग एक्क्याण्णवचा जानेवारी आला. आखातातली लढाई सुरू झाली. आमच्या एक्स्चेंजमध्येही लोक ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे, कारण निम्म्या पनवेल-उरणचं कुणी ना कुणी तिकडे कामाला होतं. दुबई, सौदी, बहरीनसाठी लोक काउंटरवर रांगा लावून उभे. आणि एका शुक्रवारी सकाळी बातमी आली की इराकची क्षेपणास्त्रं तेल अवीववर पडली. मावशीचा मुलगा तेल अवीवजवळच राहायचा.

त्या दिवशी मला सुटायला उशीर झाला. जिना चढून वर आले तर तिच्या खोलीत अंधार. दार नुसतं लोटलेलं. आत ती पलंगावर बसली होती, मांडीवर खरखरणारा ट्रान्झिस्टर. अंगावर कालचीच साडी. अंबाडा सुटून मानेवर आलेला. टेबल उघडं, दिवा लावलेला नाही. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

मला पुढचं सगळं आपोआप सुचलं. सुचलं म्हणजे काय, हातांना माहीत होतं. मी ट्यूबलाईट लावली, पाणी कोमट केलं, टॉवेल भिजवला, पिळला आणि तिचा चेहरा पुसायला लागले. मग फणी घेतली. केसांना हात लावला तसा तिनं माझा हात झटकला. म्हातारीच्या मानानं जोरात.

"मी काय तुझी आई आहे?"

"मावशी, सकाळपासून तुम्ही काही..."

"अंथरुणाला खिळलेय का मी? हात तुटलेत माझे?"

मी फणी घेऊन उभी. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे लाल होते.

"दुसऱ्याचं करायला मिळालं की तुझा जीव शांत होतो, होय ना? तिच्या जागी मला नको झोपवूस, बाई. मी नाही झोपायची तिथं."

असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. इतकं लागलं की वाटलं, निघून जावं. पण पॅसेज ओलांडून जायचं कुठे, तर माझ्याच खोलीत.

"मग काय करू मी?" मी विचारलं.

रेडिओवर कुणी तरी इंग्रजीत बोलत होतं, मध्येच आवाज बुडत होता. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुझं तू कर. इथं माझ्यासमोर बसून कर. कुणी तरी नीट आहे, एवढं मला बघू दे."

मी जमिनीवर बसले. दिवसभर हेडफोनखाली दबलेले केस सोडले. तिच्याच बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि लावायला लागले, मुळांपासून टोकांपर्यंत. तिच्यासमोर बसून स्वतःचे केस विंचरताना मला आधी फार अवघडल्यासारखं झालं. मग हळूहळू नाही झालं. फणी फिरत राहिली. आईचे केस मी जसे विंचरायची, गुंता बोटांत धरून, ओढ न बसू देता, तसे मी माझे केस त्यापूर्वी कधीच विंचरले नव्हते. माझ्या केसांना मी नेहमी ओढून-ताणूनच वळण लावलं होतं.

"मागे राहिलाय गुंता," मावशी म्हणाली.

मी मागचा गुंता सोडवला. वेणी घातली. ती उठली. भिंतीला धरत मोरीपर्यंत गेली, तोंड धुतलं, आतल्या खोलीत जाऊन साडी बदलून आली. टेबलावर पांढरी चादर अंथरली. मी दिव्याकडे हात केला तर म्हणाली, "वेळ टळली. आता नाही लावायचा." ट्यूबलाईटच्या उजेडात आम्ही माझ्याकडचा वरणभात आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. ती चार घास जेवली. रेडिओ चालूच होता.

पुढचे काही दिवस मी प्रत्येक पाळीत मुंबईच्या ऑपरेटरला विनवत होते. लाईन नाही, लाईन बिझी आहे, नंतर बघा. तोही बिचारा दमला होता. शेवटी एका दुपारी त्यानंच मला बोलावलं, "घ्या, तुमची पार्टी मिळतेय, लवकर बोलवा." आमच्या सुपरवायझर बाईंनी कधी नव्हे ते शिपायाला रिक्षा घेऊन पाठवलं. मावशी आली तोवर लाईन गेली होती. पुन्हा लावायला बराच वेळ गेला. ती सुपरवायझर बाईंच्या खुर्चीत पदर नीट घेऊन, पाय जुळवून बसली होती.

लाईन लागली. मुलाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, पण शब्द आपल्याच भागातले.

"आई, आम्ही बरे आहोत. एक खोली चिकटपट्ट्या लावून बंद केलीय. भोंगा वाजला की सगळे तिथे बसतो. तू काळजी करू नको."

"जेवलास का?" मावशी म्हणाली.

"आई, ऐकू येतंय का? आम्ही बरे आहोत."

"ते कळलं. जेवता का वेळेवर? की रेडिओपुढे बसून काय मिळेल ते खाताय?"

पलीकडे तो हसला, किंवा रडला असेल; लाईनवर ते ओळखू येत नाही. मी हेडफोन कानावरून काढून ठेवला. नियमानं काढायचा नसतो.

लढाई संपली. शुक्रवार पुन्हा सुरू झाले. पण मावशीच्या घरातल्यांचा धीर सुटला होता. दोन वर्षांनी तिचे गुडघे अगदीच गेले, तेव्हा मुलगा तिला न्यायला आला. जायचा दिवस काही कुणाला बरा गेला नाही. ती सकाळपासून सगळ्यांवर चिडलेली. भांडी कुणाला दिली, कपाट किती पडत्या भावात गेलं, बॅग कशी भरली, सगळ्यावर वाद. माझ्यावरही ओरडली, मी चहात साखर जास्त घातली म्हणून. आमचं नीट बोलणं झालंच नाही. निघताना ती दारात थांबली. चौकटीवर तिच्या धर्माची एक लहानशी नळी लावलेली असायची, येता-जाता ती तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. मुलानं ती आदल्या दिवशीच काढून बॅगेत ठेवली होती. तिचा हात सवयीनं वर गेला. लाकडावर फिकट डाग तेवढा होता. त्या डागाला हात लावून तिनं बोटं ओठांना टेकवली आणि जिना उतरायला लागली. टॅक्सी निघाली तेव्हा ती पुढे बघत होती.

तिची खोली एका जमीन-दलालानं भाड्यानं घेतली. त्या वर्षांत गावोगावच्या जमिनी विकल्या जात होत्या. दिवसभर माणसं वर-खाली करायची, पॅसेजमध्ये चपलांचा ढीग. संध्याकाळी कुलूप लावून सगळे जायचे आणि वरच्या मजल्यावर मी एकटी उरायची.

पहिल्या शुक्रवारी मी पांढरी चादर अंथरली. दिवा लावला. आणि समोर बसून मला अगदी वेड्यासारखं वाटलं. तो सण माझा नव्हता. ते शब्द मला येत नव्हते. जेवण तसंच झाकून ठेवलं. पुढच्या आठवड्यात चादर कपाटातून काढलीच नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात ताटही घेतलं नाही. पावसाळाभर तळ्यावर गेले नाही. पाव-चहा पुन्हा सुरू झाला. मी ओट्याशी उभी असायची आणि मला कळत असायचं की मी उभी आहे. पूर्वी कळत नव्हतं, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकानं मला स्वस्थ खाऊ दिलं नाही.

गणपती झाले आणि एका रविवारी दारावर मासळीवाली आली. उरणकडची, आधी मावशीकडे यायची. दाराला कुलूप बघून माझ्याकडे वळली.

"ती म्हातारी नाय?"

"नाही. मुलाकडे गेली."

"कोलंबी नाय घ्यायची ती कदी. खवल्यांचीच मासली लागायची." तिनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. "तुला काय देऊ गो बाय? तुला काय आवरतं?"

मला सांगता येईना. आईला काय आवडायचं ते माहीत होतं, मावशीला तिच्या धर्मानं काय चालायचं ते माहीत होतं. मासळीवाली टोपली उघडी ठेवून थांबली होती, माशा वारत. मी टोपलीत बघत राहिले आणि म्हणाले, "कोलंबी दे."

त्या दिवशी मी कोलंबीचं कालवण केलं. लसूण भरपूर घातला, कोकम घातलं. तिखट जरा जास्तच झालं. ताट वाढून घेतलं, बसले, नाक पुसत पुसत सगळं खाल्लं. तेव्हापासून माझा दिवस रविवार ठरला. पांढरी चादर नाही, दिवा नाही. डोक्यावरून न्हायचं, धुतलेली साडी नेसायची, मला हवं ते करायचं आणि बसून जेवायचं. कधी चुकतो. आजाराबिजारात चुकला तर पुढच्या रविवारी पुन्हा सुरू करते, त्याचा विचार करत बसत नाही. तळ्यावर जाणंही पुन्हा सुरू झालं.

ट्रंक बोर्ड पुढे बंद झाला. लोक गल्लीतल्या पिवळ्या एसटीडी बूथवरून स्वतःच फोन लावायला लागले. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. एक दिवस तिथला फोन वाजला आणि पलीकडून कुणी तरी म्हणालं, "तक्रार नोंदवायचीय."

"बोला."

"इथं मला कुणी फोन करत नाही."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. मावशी हसत होती. मग बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. सून फार चांगली आहे म्हणाली, काही म्हणजे काही करू देत नाही. टेबल तीच मांडते, साडी तीच काढून देते, न्हाऊसुद्धा तीच घालते. "मी म्हणते, माझं मी करते. ती म्हणते, आई, तुम्ही बसा. बसून बसून मला माझाच कंटाळा आलाय गो."

मी म्हणाले, "मावशी, मोरीची कडी आतून लावून घ्या."

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. वर्षाभरानं ठाण्याच्या तिच्या नातेवाइकांकडून कळलं की ती गेली. मी अर्धा दिवस रजा टाकली, घरी आले, दार लावून बसले. सांत्वनाला यावं असं कुणाला तिचं-माझं नातंच माहीत नव्हतं. संध्याकाळी भूक लागली तेव्हा भात लावला.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर मी एका रविवारी उरणची एसटी पकडली. जन्म पनवेलमध्ये गेला आणि मोरा बंदर मी पाहिलेलं नव्हतं. तिथून मुंबईला लाँच जाते हे ऐकून माहीत होतं. धक्क्यावर खारं वारं, सुकट वाळत घातलेली, उतारूंची गर्दी. मी तिकीट काढलं आणि चढले. एका कोळणीनं रिकाम्या टोपल्या ओढून मला जागा केली.

"एकलीच हायस?"

"हो."

"मंग हिकरं कडेला बस. वारा लागंल, बरं वाटंल."

मुंबईत मला काही काम नव्हतं. भाऊच्या धक्क्यावर उतरले, उभ्याउभ्या नाही, एका बाकावर बसून चहा घेतला आणि परतीच्या लाँचमध्ये येऊन बसले. येताना गर्दी नव्हती. पाणी भरतीचं होतं, लाँच डुलत होती. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. त्या जागेवर मी माझी पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि पाय लांब केले.